समोर असेल त्याचे माप

चहाचा कप आधी खाली ठेवा. मी स्वतःची अब्रू कशी घालवली ते सांगतो, उगाच ठसका लागायचा! आणि कुठे घालवली? भर वर्गात, तपासणीच्या दिवशी!

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरी-चिंचवडच्या माळावर नुकते कारखाने उभे राहत होते आणि शेजारीच एक पदविका कॉलेज निघालं होतं. मी तिथे पदार्थविज्ञान शिकवायचो. डॉक्टरेट होती हो माझ्याकडे! पण नोकरी हंगामी. तपासणी पार पडली तर कायम, नाहीतर घरी. आणि घरी सासऱ्यांना मी 'कायम झालो' असं आधीच सांगून बसलेलो!

त्यात आमचे प्राचार्य कुठल्याशा शिबिराहून नवीन खूळ घेऊन आले. प्रत्येक विषयाची उद्दिष्टं लिहायची. मी लिहिलं, 'विद्यार्थ्यास मोजमापाचे तत्त्व समजेल.'

प्राचार्य म्हणाले, "समजलं हे दिसतं का तुम्हाला? डोक्यात डोकावणार आहात? विद्यार्थी काय करून दाखवेल ते लिहा!"

मी रात्रभर खोडलं, लिहिलं, पुन्हा खोडलं. 'गोळ्याचे माप' लिहावं तर नळी राहते. नळी लिहावी तर तार राहते. शिवाय पोरं यंत्राला भितात. शेवटी सगळं एका वाक्यात बसवलं: 'विद्यार्थी समोर असेल त्याचे अचूक माप निर्भयपणे काढेल.'

काय वाक्य होतं! मी स्वतःवरच खूश झालो. आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

आता पोरं यंत्राला का भ्यायची? कारण त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. जाडी मोजायचा पोलादी कॅलिपर आमच्याकडे एकच. तो मोडला तर? या धास्तीनं मी तो कपाटात ठेवायचो आणि फळ्यावर चित्र काढून शिकवायचो.

तपासणीच्या आदल्या दिवशी वर्गाला बजावलं, "साहेब म्हणतील, काढा माप. समोर असेल त्याचं काढायचं. भ्यायचं नाही!"

कुरुळी गावचा ज्ञानोबा उठला. चांगला दांडगा गडी. "सर, समोर असंल त्येचं?"

"हो."

"कुनाचं बी?"

"अरे, कशाचंही!"

"सायेब चिडत्याल की."

"चिडतील कशाला? तेच सांगणार आहेत काढायला! जसं असेल तसं बोलायचं. कमी नाही, जास्त नाही."

"व्हय सर," ज्ञानोबा म्हणाला आणि खाली बसून शेजाऱ्याकडे बघून हसला. मला वाटलं, चला, पोराची भीती गेली!

आपल्याकडे एखाद्याचं माप काढणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. फक्त त्या दिवशी आठवलं नाही.

तपासणीस आले. सुटाबुटात, पोट पुढे, वर मोठी टोपी, हातात माझ्या उद्दिष्टाचा कागद. थेट ज्ञानोबाच्या टेबलासमोर उभे राहिले. "हं, काढ माप!"

ज्ञानोबानं टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं! मग समोर पाहिलं.

"काढू? सायेब, टोपी डोस्क्यापरीस मोठी हाय. कोटाचं बटान पोटाला वैतागलंय. आन् मघाधरनं तुमी घड्याळ बघताय, म्हंजी ध्यान जेवनाकडं हाय."

प्राचार्य भिंतीला टेकले. तपासणीस लालबुंद. हळूच त्यांनी बटण चाचपलं, आणि माझ्याकडे बोट केलं. "आणि यांचं?"

"सरांचं?" ज्ञानोबा माझ्याकडे वळला. "सर लई हुशार. पन फळ्यावर लिवत्यात आन् पुसत्यात. लिवत्यात आन् पुसत्यात. वर आमालाच इचारत्यात, 'बरोबर आहे ना रे?' आमाला वाटतं, परीक्षा आमची न्हाई, ह्यांचीच हाय!"

तपासणीसांनी माझं ते वाक्य पुन्हा वाचलं आणि असे हसले, असे हसले, की बटण खरंच तुटलं. "अचूकही आहे, निर्भयही आहे! पण मास्तर, यंत्र कुठाय?"

तेव्हा कुठे मला आठवलं. हरवू नये म्हणून कॅलिपर मी सकाळपासून माझ्याच कोटाच्या खिशात, रुमालात गुंडाळून ठेवला होता!

तो मी काढून टेबलावर ठेवला. ज्ञानोबानं चित्रावरून शिकलेलंच आठवून त्या तुटलेल्या बटणाची जाडी मोजली, बिनचूक! तपासणीसांनी माझा हात हातात घेतला. "जा, तुम्ही कायम!"

मी घाईघाईनं वर्गाकडे वळलो. "कायम म्हणाले... बरोबर ऐकलं ना रे मी?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "बरोबर हाय, सर!"