डोळे मिटा, आता ऐका

पडदा वर जातो. दुपारची वेळ. बैठकीची खोली. डावीकडे खिडकी, उजवीकडे कपाट, आणि कपाटावर माझे नाटकातले फोटो बाजूला सारून बसलेला विटेएवढा राखाडी स्पीकर. त्याला वायर नाही. म्हणजे विजेची आहे, गाण्याची नाही. असाच एक स्वयंपाकघरात, एक झोपायच्या खोलीत. तिघे एका सुरात वाजतात. घरातल्या माणसांना हे कधी जमलं नव्हतं.

मधल्या खुर्चीत कानसेन.

आमच्या नाटक मंडळीत तो ध्वनी सांभाळायचा. विंगेतल्या अंधारात टेपचं मशीन पुढ्यात घेऊन बसायचा. दाराची घंटा, पाऊस, मोटारीचा हॉर्न, सगळं त्याच्या बोटांत. माझा आवाज बसणार हे माझ्याआधी त्याला कळायचं. "ताई, दुसऱ्या अंकात जपून," एवढं म्हणायचा आणि कुणाच्या तरी हाती गरम पाणी पाठवून द्यायचा. टाळ्या आम्ही नट घेऊन जायचो. त्याच्या वाट्याला 'कानसेन' हे नाव तेवढं आलं, आणि ते त्याने जिवापाड जपलं.

मंडळी बंद पडल्यावर तो स्पीकरच्या दुकानात लागला. घरोघरी जाऊन स्पीकर ऐकवायचे, हे काम. त्याचा एक ठरलेला प्रयोग होता. इंटरनेटवरून गाणं दोन तऱ्हांनी येतं: एक आवळून लहान केलेलं, दुसरं जसं गायलं तसं, भरलेलं. त्या दुसऱ्याला ते लोक हाय-रेझ म्हणतात. कानसेन चष्मा काढायचा, सगळ्यांना डोळे मिटायला लावायचा, आणि फोनवर आधी पहिलं, मग दुसरं निवडायचा. लोक वाहवा करायचे.

जोडणीचं काम त्याचा जावई करायचा, त्याच दुकानात. एकदा तो बिचारा बोलून गेला, "बाबा, मला दोन्ही सारखंच वाटतं हो." झालं! तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकासमोर कानसेनचा विनोद ठरलेला: "आमचे जावईबापू मनाने सोनं, पण कान म्हणजे दाराचं बिजागर." लोक हसायचे. जावईही हसायचा. कानसेनची लेक मात्र घरी हे ऐकून हसायची नाही.

आमच्याकडेही तेच झालं. जावई सकाळीच येऊन तिन्ही स्पीकर जोडून बसला होता. कानसेन आला तेव्हा गाणं चालूच होतं, एक बाई गात होत्या, साथीला फक्त पेटी.

"वा, लावून ठेवलंत? बिजागर आज कुरकुरलं नाही म्हणायचं!" असं म्हणून त्याने चष्मा खिशात टाकला. "ताई, डोळे मिटा. हे साधं." फोनवर बोट फिरलं. "आणि हे… हे हाय-रेझ. आता ऐका. पेटीचा भाता श्वास घेतोय. बाईंच्या ओठांची उघडझाप ऐकू येते की नाही?"

खरं सांगते, मलाही आली. तो सांगेल ते मला नेहमीच ऐकू आलं आहे.

मग त्याने ऐटीत गाणं थांबवलं. गाणं थांबलं नाही. त्याने पुन्हा बोट दाबलं. बाई गातच राहिल्या.

स्वयंपाकघरातून सूनबाई हात पुसत आली. "अय्या काका, ते माझ्या फोनवरून चाललंय. मघाशी मीच ब्लूटूथवर लावलं होतं. तुमचा फोन कुठे जोडलाय?"

तिने गाणं बंद केलं. मी पुष्कळ वर्षं रंगमंचावर काढली. नट संवाद विसरला की त्याचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. कानसेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?" त्याने जावयाला विचारलं.

"स्पीकरवरचा दिवा निळा होता, बाबा. ब्लूटूथ असलं की निळा होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत कसं बोलणार?"

सूनबाईने चहाचं विचारलं. मी कानसेनला म्हटलं, "अरे, चुकतं माणसाचं. फोन तो फोनच." माझ्या मायेने त्याला आणखीच टोचलं असावं, कारण तो माझ्याकडे बघेना.

"पुन्हा लावा," तो जावयाला म्हणाला. "नीट. वायफायवर."

जावयाने ब्लूटूथ तोडलं, दिवा पांढरा झाला. त्याने तेच गाणं आधी साधं लावलं, मग पहिल्यापासून हाय-रेझमध्ये. यावेळी डोळे कुणी मिटले नाहीत. सगळे कानसेनकडे बघत होतो. तो म्हणाला असता, "बघा, आता खरा भाता ऐकू येतोय," तर आम्ही माना डोलावल्या असत्या. जावयाने तर सर्वांत आधी. त्याचं नाव शाबूत राहिलं असतं आणि जावयाचंही, बिजागर.

गाणं संपलं. कानसेनने खिशातून चष्मा काढला, घातला, आणि पुसायचा राहिला म्हणून पुन्हा काढला. मग काचांकडेच बघत बोलला.

"मला दोन्ही सारखंच ऐकू आलं. हल्ली सगळंच तसं येतं, कान थकलेत माझे. जावईबापू, लोकांसमोर मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. आता या लोकांसमोरच सांगतो, मला माफ करा."