जळायचा राहिलेला बांध

सन दोन हजार चार, माझं वय अडुसष्ट. उन्हाळ्यात बांधाचं वाळलं गवत पेटवायची आमची रीत, तसं मी पेटवलं. जाळ हातभर अंतरावर आला तरी गवतातली तितराची मादी अंड्यांवरून उठेना. मग मी डोक्याचा पटका काढून जाळ झोडपला, विझवला.

"पाखरापायी पटका जाळलात?" बायको म्हणाली.

"बैलांना गवत राखलंय," मी म्हणालो. चूक कबूल करायची मला सवय नाही.

पण गवतात काही असलं तर उडून जाईल, असं मी जन्मभर धरून चाललो. अंडी टाकून कोण उडतं? मागं किती जळाली असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधापलीकडचा रामू काडेपेटी घेऊन आला. "उठा तात्या, राहिलेलं पेटवतो."

मी त्या गवतात मांडी घालून बसलो होतो. उठलो नाही.