कार्डावरचा खोकला

आटपाट लालबाग होतं. तिथल्या चाळीत एका खोलीत मी राहत होते, माझा धाकटा दीर सदू राहत होता, त्याची बायको शेवंती राहत होती आणि शेवंतीचा खोकला राहत होता. विम्याच्या कार्डाचे किस्से गोधडीच्या तुकड्यांसारखे, टाकवत नाहीत, साठत जातात.

गिरणीत सरकारी विमा आला. पगारातून वर्गणी कापायची, मग औषध फुकट. सदूने कार्ड देवांच्या फळीवर ठेवलं. मला वाचता येत नाही, पण त्यावर एकच नाव आहे एवढं दिसत होतं.

सदू शेवंतीला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाला, "कार्ड तुझं. बाईला का आणलंस?"

"खोकते ती, साहेब."

"मग तिला गिरणीत लाव."

*

मग सदू खोकायला शिकला. शेवंती शिकवायची. "तसा कोरडा नको हो, छातीतून काढा." बाटली मिळाली.

रांगेत सगळे तसलेच. शेजारचा गणू पोराचं दुखणं पाठ करून गेला. "ताप येतो, रडू येतं, दात येतायत."

डॉक्टरने त्या बाप्याला तोंड उघडायला लावलं.

*

खालचा भिवा बदली कामगार. कुणी गैरहजर असला तरच त्याला काम. दिवस भरत नव्हते, म्हणून विम्याचं औषधही नाही. चमचाभर मागायला यायचा.

"वयनी, नोकरी बदलीची, पण खोकला पर्मनंट हा."

शेवंती त्याला आधी द्यायची.

*

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात ओरडून सदूचा घसा बसला. शेवंती म्हणाली, "मुंबईसह राज्य मागताय. बायकोसह कार्ड कोण मागणार?"

दुसऱ्या दिवशी सदू तोच घसा घेऊन दवाखान्यात गेला. त्या खेपेला बाटली मोठी मिळाली.

*

शेवंतीला खोकताना रक्त पडलं. सदूने तेही आपलंच म्हणून सांगितलं. डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो काढवला. स्वच्छ.

"ठणठणीत आहेस. पुन्हा येऊ नकोस." औषध बंद झालं.

पुढल्या उन्हाळ्यात सदू गिरणीत साच्यावर उभ्याउभ्या खोकला. या वेळी कुणी शिकवलं नव्हतं. पुन्हा फोटो काढला. डाग निघाला. डॉक्टरने सुया लिहिल्या, गोळ्या लिहिल्या, रजा लिहिली.

सदू धापा टाकत जिना चढला. गोळ्यांची पुडी शेवंतीच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "घे. आता खोकला कायद्यात बसला."

असं आमच्या घराचं भाग्य उघडलं. मी देवापुढे साखर ठेवली, चाळीत चिमूटचिमूट वाटली. शेवंतीने गोळ्यांचे दोन वाटे केले. दारात भिवा उभा होता. मग तिने तीन केले.