तीन शब्द अकोल्याला होते

मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, लिहिताना हात दुखतो, म्हणून फोनवर बोलते. रोज सकाळी अमरावतीच्या भाजीबाजारातून आले की पिशवी ओट्यावर रिकामी करते, फोटो काढते आणि सांगते: आज गवार जून आहे, घेऊ नका. अंबाडी चांगली आहे. पालक पाणी मारून ताजा दाखवतात, हात लावून पाहा. एवढंच. ऐकणाऱ्या बाया अमरावतीच्या, अकोल्याच्या, नांदगाव खंडेश्वरच्या. धारणीची एक नर्सही आहे. तिला अमरावतीच्या गवारीचं काय करायचं आहे ते मला ठाऊक नाही, पण ऐकते.

आधी हे सगळं एका मोठ्या कंपनीच्या ॲपवर चालायचं. तिथे कोणीतरी माझी तक्रार केली. बहुतेक भाजीवालाच असावा. एक दिवस खातं बंद. कारण सांगितलं नाही, विचारायला माणूस नाही. भाड्याच्या खोलीतून सामान रस्त्यावर टाकावं तसं केलं. माझी नात पुण्याला कॉम्प्युटरचं काम करते. ती म्हणाली, "आजी, मग जिथे मालकच नाही तिथे जाऊ."

ही ब्लॉकचेनवर चालणारी जागा. नातीनं समजावलं ते मला समजलं तसं सांगते. कंपनीकडे सगळं तिच्याच ताब्यात असतं, म्हणून तिच्या मनात आलं की ती पुसते. इथे मी बोलले की ते ठिकठिकाणच्या लोकांच्या कॉम्प्युटरांवर जातं. ते लोक एकमेकांना ओळखतही नाहीत, पण सगळ्यांकडे नक्कल एकच. नवीन बोलणं आलं की त्याचा गठ्ठा बांधतात आणि त्यावर आधीच्या गठ्ठ्याची खूण करतात. एखाद्यानं जुनं काही बदललं की पुढच्या खुणा जुळत नाहीत, मग बाकीचे त्याचं मानत नाहीत. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या गल्लीत नळावर कोणी काही बोललं की संध्याकाळपर्यंत ते घरोघरी पोचलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं "मी असं म्हटलंच नाही" म्हटलं तर कोण ऐकून घेतं?

खातंही कंपनीचं नाही, आपलं. त्याची किल्ली म्हणजे बारा शब्द. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचं खातं. एका ॲपचा कंटाळा आला तर दुसऱ्यातून उघडा, भाजी तीच आणि माणसंही तीच.

"पण शब्द हरवले तर कोणी परत देणार नाही," नात म्हणाली. "सांगायला ऑफिसच नाही. कागदावर लिहून कपाटात ठेव."

कागदावर माझा भरवसा नाही. वाळवी खाते, नाहीतर सून रद्दीत टाकते. ज्या चौघींसोबत मी उन्हाळ्यात पापड लाटते त्यांना बोलावलं. त्यांची घरं एका ओळीत होती. त्याच ओळीनं प्रत्येकीला तीन तीन शब्द पाठ करायला दिले. शब्द इंग्रजी होते, पण सोपे. कोणते ते सांगत नाही, सांगायचे नसतात. नातीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"आमी गावाले जातो तं घराची चावी कोणाले देतो?" मी विचारलं. "शेजारणीलेच ना? आन् एकीजवळ तीनच शब्द. एकटी काय उघडते त्यानं?"



त्यातल्या तिसऱ्या घरच्या बाईशी माझं पापडावरून वाजलं. एक दिवस मी फोनवर बोलून गेले की पापडात खार जास्त पडला तर तो साबणासारखा लागतो, आमच्या तिसऱ्या घरच्या बाईचा लागतो तसा. खरं होतं. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ती तशीच पिठाच्या हातानं आली.

"काढ ते."

मी नातीला फोन लावला. ती म्हणाली, "काढलं" असं वरून जोडता येतं, पण मूळचं सगळ्यांकडे तसंच राहतं.

"निघत नाही, बाई," मी सांगितलं.

"तुह्या फोनात आहे आन् तुलेच निघत नाही? कोणाले शिकवून राहिली?"

"तिथं मालकच नाही, तं सांगू कोणाले?"

"मालक नाही तं नाही, तुले लाज तरी आहे का?"

पुढे तिच्या मुलाची बदली अकोल्याला झाली आणि तीही गेली. जाताना गल्लीत सगळ्यांकडे चहा पिऊन गेली, माझं दार सोडून.

मे महिन्यात मी कूलरमध्ये पाणी भरत होते. वाकले आणि कमरेचा फोन टाकीत गेला. दुकानदारानं उघडून पाहिला, वास घेतला आणि परत दिला. मुलानं नवीन फोन आणला. त्यात ॲप उघडलं तर त्यानं आधी बारा शब्द मागितले. तिघी धावत आल्या. एकीनं भाकरी थापता थापता सांगितले, एकीनं तर सुनेकडूनही पाठ करून घेतले होते. नऊ भरले, मधले तीन रिकामे राहिले.

"नऊनं काही होत नाही," नात म्हणाली. "बाराच लागतात, आणि ओळीनंच. नाहीतर नवीन खातं काढू."

"आन् माह्या बाया? त्यायले काय माहीत ती मीच होय म्हणून?"

माझं सगळं बोलणं तिथे दिसत होतं, कोणालाही ऐकता येत होतं. फक्त मलाच तिथे तोंड उघडता येत नव्हतं. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. अकोल्याला फोन लावला, तिनं उचलला नाही. मी एसटीत बसले.

तिनं दार उघडलं आणि विचारलं, "कोण मेलं?"

"फोन मेला. तुह्याजवळचे तीन शब्द दे."

"आठवत नाहीत."

"लग्नात कोणी काय भांडं देल्लं ते तुले अजून आठवते."

"ते भांडं होय." तिनं पाण्याचा गिलास पुढे केला. "इतके दिवस काहून गप्प होती? परवा मी किडके वांगे आणले. पोरानं ताट सरकवून देल्लं."

"तू ऐकते?"

"ऐकत नाही. कानावर पडते."

मग ती आत गेली आणि पापड भाजून आणला. "हा खाय. जे लागन ते तिथंच बोल, जिथं साबण म्हणाली."

"वाईट लागला तं?"

"तं वाईट म्हण. तू खोटं गोड बोलली तं बाया वळखतीन."

मी खाल्ला. खार बरोबर होता. मीठ जास्त होतं. मी दुसरा घेतला. मग तिनं माझ्या हातून फोन घेतला, माझ्याकडे पाठ केली आणि एका बोटानं तीन शब्द भरले. मी डोकावले तर म्हणाली, "माह्या वाटचे आहेत, तू नको पाहू."

खातं उघडलं. गवार, अंबाडी, सगळं जागच्या जागी. साबणही. तिनं आधी तोच शोधला. त्याच्याखाली धारणीच्या नर्सनं लिहिलं होतं, काकूंनी स्वतःचेही पापड दाखवावेत. ते तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

"आता बोल," ती म्हणाली.

"पापड चांगला आहे, पण मीठ जास्त आहे."

"थांब. 'पण' नको. आधी मिठाचं बोल, मागून चांगल्याचं. लोकायच्या ध्यानात मागचंच राह्यते."

"आन् 'पण' काहून नको?"

"'पण' आला की झालं वाटोळं."

त्यावर आमचं बरंच चाललं. एकदा बोललं की निघणार नव्हतं, म्हणून दोघींपैकी कोणीच मागे हटेना. तिच्या सुनेनं दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी मी बटण दाबलं आणि म्हणाले, "अकोल्याच्या पापडात मीठ जास्त आहे. खार बरोबर आहे. पापड चांगला आहे, मी चार खाल्ले."

"पाच खाल्ले," ती मागून म्हणाली, आणि तेही त्यात गेलं.