वच्छलाबाईंना टोचलेला शब्द

वच्छलाबाई गेल्याचे कळले, तेव्हा मी प्रताप नगरातील घरी एका कार्यालयाला स्मरणपत्र लिहीत होतो. फोनवर त्यांची मुलगी संगीता होती. "साहेब, आई गेली..." लिहिताना लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता अंत्ययात्रेतही या बाईंचाच जयघोष होणार. तसाच तो झाला.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांची नाल्याकाठची वस्ती एका सकाळी नोटिशीवाचून पाडण्यात आली. आमच्या गल्लीत भाजीची गाडी लावणाऱ्या वच्छलाबाईंचे घर सर्वांत आधी गेले. माझी उभी नोकरी जमिनीच्या कागदपत्रांत गेलेली. म्हणणे मांडण्याची संधी न देता कोणाचे छप्पर काढता येत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होते. संतापाच्या भरात मी पर्यायी घरांसाठी चार पानी अर्ज लिहिला आणि वस्तीतल्या लोकांसमोर वाचू लागलो. पहिल्याच ओळीला बाईंनी अडविले.

"साहेब, हे 'अतिक्रमणधारक' म्हंजे कोन?"

"तुम्ही. कायद्याचा शब्द आहे तो."

"मी काहून? मी काई अतिक्रमण करून नाही राहिली. मी तं राहून राहिली!"

"वा वं वच्छला!" कोणीतरी ओरडले आणि सगळे हसले. माझा पारा चढला. "बाई, भाजी तुम्ही विका, अर्ज मला लिहू द्या."

"लिहा जी. पन थो शब्द मले टोचून राहिला," असे म्हणत त्यांनी सही केली... केवळ माझ्यावर भरवसा ठेवून.

अर्ज फेटाळला गेला. कारण एका ओळीचे होते: अर्जदार स्वतःच अतिक्रमण मान्य करतात.

फेरसुनावणीला मी कलमे मुखोद्गत करून गेलो. अधिकाऱ्याने ती ऐकली नाहीत; त्याने बाईंना विचारले. त्यांनी आपले तेच वाक्य म्हटले आणि पिशवीतून संगीताच्या शाळेचा जुना दाखला काढला. "याच्यावर पत्ता थ्याच घरचा हाय. सरकारी शाळेनंच लिवला न जी?" मला हे सुचले नव्हते. वस्तीची नव्याने पाहणी झाली आणि घरे मंजूर झाली.

पुढे 'राहून राहिली' हे शब्द इतर वस्त्यांच्या मोर्चांतही फलकांवर चढले. इतक्या वर्षांच्या माझ्या पत्रव्यवहारातले एक वाक्यही कोणाच्या तोंडी नाही. मी जळत असे. चारचौघांत त्यांनी माझी चूक एकदा तरी काढली असती, तर निदान भांडता आले असते. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

परवा त्यांच्या नव्या घरी गेलो. खोली लहान, सगळे खाली बसलेले. संगीताने भिंतीजवळची खुर्ची पुढे केली. "बसा साहेब, तुमचीच हाये. आई कोनाले बसू नाही दे याच्यावर. म्हने, साहेबाच्या अर्जानं घर भेटलं आपल्याले."

मी बसलो. खोलीतल्या सर्वांनी माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिले... आणि मी त्यांना तसे पाहू दिले.

म्हणून ही दुरुस्ती लेखी करीत आहे. ते घर माझ्या अर्जाने मिळालेले नाही. माझा अर्ज त्या घराच्या आड आला होता, आणि हे वच्छलाबाईंना ठाऊक होते.