सांगितलं तेवढंच लिहायचं

त्या वर्षी आमच्या घरात दहावीला कुणीच नव्हतं. आमची मुलगी नववीत होती, आणि हे एक वर्ष तरी निवांत काढायचं असं मी ठरवून टाकलं होतं. पुढच्या वर्षी आहेच मग. पण फेब्रुवारीत शेजारच्या मुलीचा हात मोडला आणि दहावी आमच्या घरात वर्षभर आधीच येऊन बसली.

चऱ्होलीत आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे, ती आमच्या शेजाऱ्यांचीच होती. बिल्डरला जमीन दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले, त्यातल्या एकात ते राहतात. आमच्या दारासमोर त्यांचं दार. आम्ही मूळचे लातूरकडचे. नवरा चाकणला कंपनीत शिफ्टला, मी तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीत डिस्पॅचच्या ऑफिसात. नवीन राहायला आलो तेव्हा पहिल्या दिवशी आमच्या दारात पाण्याचा हंडा आणून ठेवणारी माणसं ही. नावं मी इथे लिहीत नाही. आमची आणि त्यांची म्हटलं की कोणती मुलगी ते कळेल.

त्यांची मुलगी क्लासहून मैत्रिणीच्या आईच्या स्कूटीवर मागे बसून येत होती. रस्त्याचं काम चाललेलं, खडी पसरलेली, गाडी घसरली. बाकी कुणाला फारसं लागलं नाही. ही मात्र पडताना उजव्या हातावर पडली. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, हाड बसवलं, कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. पेपर अगदी तोंडावर आले होते.

तिचे वडील संध्याकाळी आमच्याकडे आले. एरवी हक्कानं आत येऊन खुर्ची ओढणारा माणूस, त्या दिवशी चौकटीला हात लावून बाहेरच उभा.

"या ना, बसा."

"बसत न्हाई ताई. एक मागायला आलोय." मग चौकटीवरून हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "साळंतल्या बाईंनी सांगितलंय, हिनं तोंडानं सांगायचं आन् दुसऱ्या कुनी तरी लिहायचं. बोर्डाची परवानगी मिळती. पन लिहिनारी खालच्या वर्गातली पायजे. तुमची नववीत हाय."

मी काही बोलायच्या आत नवऱ्यानं आतून माझ्याकडे पाहून मान हलवली. नको. ते गेल्यावर म्हणाला, "उद्या मार्क कमी पडले तर कुणावर येईल? शेजार आहे, कायमचं तोंड बघायचंय." माझ्याही मनात तेच होतं. पण आमची तोवर पायात चप्पल सरकवून समोरच्या दारात पोचलीसुद्धा होती. लहानपणापासून ती तिच्या मागेमागे. तिची जुनी पुस्तकं, तिच्यासारखा भांग, तिच्यासारखं वळणदार अक्षर काढायचा प्रयत्न. तिनं म्हटलं असतं तर आमची नदीतसुद्धा उतरली असती.

सराव आमच्या हॉलमध्ये सुरू झाला, कारण त्यांच्याकडे माणसांचा राबता फार. जो तो यायचा, प्लास्टरकडे बघून च्च् करायचा आणि आपल्या ओळखीतल्या कुणाचा कसा हात मोडला होता ते सांगत बसायचा.

पहिल्या दिवशीच कळलं की हे सोपं नाही. इतिहासाचा एक प्रश्न घेतला होता. त्यांची भरभर सांगत सुटली, आमची मागे पडली.

"काय म्हणालीस? परत सांग."

"अगं, आता गेलं ना डोक्यातून!"

ती उठून हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागली. गॅलरीपर्यंत जायची, परत यायची, प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं सारखी हलवायची. म्हणाली, "काकू, मला लिहिल्याशिवाय आठवतच नाही. हात चालला की पुढचं येतं. नुसतं बोलायचं म्हटलं की सगळं कोरं."

मी म्हटलं, "होईल गं. टेन्शन घेऊ नकोस."

ती गर्रकन वळली. "तुम्ही सगळे तसं म्हणता ना, की जास्तच येतं."

आमचीनं खाली मान घातली. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ओटा पुसत राहिले. पुसलेलाच ओटा परत पुसला. मला त्या दिवसांत हेच जमायचं. शिरा कर, चहा ठेव, पंखा कमी कर, पंखा वाढव. कंपनीतही कामात लक्ष लागेना. गाडी लोड होत असताना मी कागदावर एका ठिकाणी दोनदा सही केली. बसमधून परतताना मोशीच्या सिग्नलला अडकलो की वाटायचं, आता घरी त्या दोघींचं काय चाललं असेल, भांडल्या असतील का, की रडत बसल्या असतील. आणि पोचून बघावं तर दोघी कुरमुरे खात मोबाइलवर काहीतरी बघून हसत असायच्या. मग मला त्याचाच राग यायचा.

शाळेतल्या बाईंनी आमच्या मुलीला समोर बसवून नियम सांगितला होता. सांगितलं तेवढंच लिहायचं. आपल्याकडचा एक शब्द घालायचा नाही, सुचवायचं नाही, खूण करायची नाही. वेगळ्या खोलीत बसवतील, शेजारी पर्यवेक्षक असेल, जादा वेळ मिळेल. घरी आल्यावर तिनं मला तो नियम इतक्या वेळा म्हणून दाखवला की मीच म्हटलं, पुरे आता.

भाषेचे पेपर नीट गेले. केंद्र भोसरीच्या एका शाळेत होतं. त्यांच्या मुलीचे वडील दोघींना आपल्या टेम्पोत पुढे बसवून घेऊन जायचे, घेऊन यायचे. आमची मुलगी दुखरी बोटं दाबत घरी यायची आणि निबंधात त्यांचीनं काय भारी वाक्यं सांगितली ते मला ऐकवायची. मला वाटलं, निभावलं.

मग बीजगणिताचा पेपर आला. त्या दिवशी मी रजा काढून घरीच होते. टेम्पो खाली थांबल्याचा आवाज आला. जिन्यात पावलं वाजली. पण बोलण्याचा आवाज नाही. त्यांची सरळ आपल्या घरात गेली, आमची आपल्या. आमचीनं दप्तर टाकलं, हात धुतले, ताटावर बसली आणि पोळीचे तुकडे करत राहिली. तोंडात एकही घातला नाही.

"काय झालं?"

"समीकरण सोडवत होती. वजा तीन पलीकडे नेले की अधिक तीन होतात. ती वजाच म्हणाली." तिनं मान वर केली. "मला कळलं, आई. तेव्हाच कळलं. ते आम्हालापण आहे."

"मग?"

"मग काय, वजा लिहिलं. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर तिला कळलं असतं."

पुढचं मला हळूहळू समजलं. उत्तर काहीतरी विचित्र अपूर्णांकात आलं. त्यांचीला वाटलं सुरुवातीपासूनच गडबड आहे. तिनं ते खोडायला लावलं, परत सांगितलं, परत तीच चूक केली. तिथेच अडकली, घाबरली, आणि शेवटचे प्रश्न वेळ असूनही राहिले. बाहेर पडल्यावर वडिलांनी विचारलं तेव्हा टेम्पोतच तिला ती चूक दिसली. तिनं आमचीला विचारलं, "तुला कळलं होतं?" आमचीला खोटं बोलता येत नाही. हो म्हणाली. त्यावर ती एवढंच म्हणाली, "पेन नुसतं थांबवायचं होतंस. एक सेकंद. मी ओळखलं असतं."

ताटावर बसलेली आमची मला विचारत होती, "आई, तू असतीस तर काय केलं असतंस?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"पण तू मोठी आहेस ना!"

ती ताटावरून उठली. मी तशीच बसले. खरंच मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. मुलीनं नियम पाळला याचं बरं वाटत होतं, आणि समोरच्या दारामागे एक पोरगी रडत होती ते ऐकूही येत होतं. दोन्ही एकाच वेळी. मी उठून गॅलरीत गेले, तिथून बेडरूममध्ये, परत हॉलमध्ये. घर एवढंसं, जाणार कुठे.

संध्याकाळी आमचीनं जाहीर केलं, "मी भूमितीला जाणार नाही."

त्यांच्या मुलीची आई माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. मी त्यांना वहिनी म्हणते, कधी आवाज न चढवणारी बाई. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "ताई, आता दुसरी कुटनं आनायची? परवानगी हिच्याच नावाची हाय. आमी काय बोललो का तुमच्या लेकीला?" मी नाही म्हटलं. त्या काहीच बोलल्या नव्हत्या, तेच अवघड होतं. नवरा नाइट शिफ्टला जायच्या तयारीत होता. बूट घालता घालता म्हणाला, "मी म्हणत होतो." आणि गेला.

तेवढ्यात समोरून आवाज वाढला. दोन्ही दारं उघडी होती, सगळं ऐकू येत होतं. त्यांच्या मुलीचे वडील तिच्याशी बोलत होते.

"तिला लिहायला नेलीय. लबाडी करायला न्हाई. तिनं पेन थांबवलं असतं आन् त्या सुपरवायझर बाईंनी बघितलं असतं म्हंजे? दोघीबी गेल्या असत्या बाहेर. दुसऱ्याची पोर हाय ती."

"मला माहितीय!" ती ओरडली. "मला माहितीय ते! तुम्ही नका सांगू!" आणि दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीत जायला निघाले होते. आमची गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. त्यांची आत आली. मला काही न म्हणता सरळ गॅलरीत गेली. मी पर्स खांद्याला लावून दारातच थांबले, बस चुकली तर चुकली.

"तुझ्याकडे कंपास चांगला आहे का?" तिनं विचारलं.

"आहे."

"माझ्याचा स्क्रू ढिला झालाय."

आमची कपड्यांच्या घड्या घालत राहिली. ती डाव्या हातानं कठड्यावरची धूळ झाडत होती.

मग म्हणाली, "चूक मीच केली. तोंडानं चिन्ह बोलत होते आणि डोळे पुढच्या ओळीवर होते. आता मी प्रत्येक ओळ दोनदा म्हणणार. पहिल्यांदा म्हटलं की लिहायचं नाही. मी माझं ऐकते. दुसऱ्यांदा म्हटलं की लिही."

"वेळ जाईल."

"जादा वेळ कशाला दिलाय?"

"आणि दुसऱ्यांदापण चुकलीस तर?"

"तर चुकलेलंच लिही," ती म्हणाली. "मी काही बोलणार नाही."

आमचीनं हातातली घडी पूर्ण केली. मग कपडे तिथेच टाकून कंपास आणायला आत गेली. मी धावत खाली उतरले. बस गेली होती. मला रिक्षा करावी लागली, आणि पूर्ण रस्ताभर मी त्या रिक्षावाल्याला हळू चालवा, जोरात चालवा असं आलटून पालटून सांगत होते.

त्या संध्याकाळी भूमितीच्या रचना चालल्या होत्या. आमचीला तो भाग आलेला नव्हता, त्यामुळे टोक कुठे ठेवायचं तेसुद्धा सांगावं लागत होतं. "केंद्रबिंदूवर ठेव. केंद्रबिंदूवर ठेव. हं. आता कंस काढ. आता कंस काढ." प्रत्येक गोष्ट दोनदा. मला ऐकून ऐकून भोवळ यायला लागली. पण त्या दोघी थांबत नव्हत्या. मध्येच एकदा त्यांचीनं डाव्या हातानं पेन्सिल हिसकावून घेतली, वाकडीतिकडी रेघ ओढली आणि स्वतःच परत दिली.

भूमितीच्या दिवशी मी केंद्रावर गेले. वहिनी बंद दुकानाच्या पायरीवर बसून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होत्या. माझ्याच्यानं बसवेना. मी चौकापर्यंत जायचे, परत यायचे. बाकीची मुलं सुटली, पालक त्यांना घेऊन गेले, रस्ता मोकळा झाला, जादा वेळ संपेचना. शेवटी दोघी फाटकातून आल्या. आमची पंजा झटकत होती. त्यांची म्हणाली, "स्पर्शिका बरोबर आली, काकू." आणि वहिनींच्या खांद्यावर डोकं टेकून तिथेच, रस्त्यावर, ढसाढसा रडली. चांगलं गेलं म्हणून रडली की सगळं साचलेलं निघालं, कोण जाणे. आमची बाजूला उभी राहून तिची पाण्याची बाटली उघडत होती.

निकाल लागला तेव्हा त्यांचीला गणितात मार्क कमीच पडले. तिला हवं होतं ते कॉलेज मिळालं नाही. दोन महिने धुसफुस झाली, मग डिप्लोमाला प्रवेश घेतला. आता ती रोज सकाळी बसनं जाते, मशीन ड्रॉइंगचे मोठे कागद गुंडाळून काखेत धरून. तिचे वडील पेढे घेऊन आले होते. त्या दिवशी मात्र आत आले, खुर्ची ओढून बसले. पहिला पेढा आमच्या मुलीच्या हातात दिला. म्हणाले, "तुजं बी अर्धं हाय त्यात." ती लाजली. पण पेढा खाताना तिचा चेहरा मला पूर्ण मोकळा वाटला नाही. ते वजा तीन तिच्या मनातून गेलं की नाही हे मी विचारलं नाही.

यंदा आमची दहावीला होती. मला केंद्रावर यायचं नाही असं तिनं बजावलं होतं. "तू फेऱ्या मारतेस. मला आतून दिसतं." म्हणून बीजगणिताच्या दिवशी मी चाकणला ऑफिसात बसले होते. गाड्या लागत होत्या, ड्रायव्हर कागद मागत होते, मी फोन उलटा ठेवायचे, सुलटा ठेवायचे. पेपर सुटायची वेळ टळून गेली. मी तिच्या बाबांना फोन केला, वहिनींना केला, कुणालाच काही माहीत नव्हतं.

मग तिचा आला. वडापावच्या गाडीवरचा गलका ऐकू येत होता.

"कुठे होतीस? किती वेळ झाला!"

"आई, भूक लागली होती," ती तोंडात घास ठेवूनच म्हणाली. "गेला पेपर. बरा गेला. आता मला काही विचारू नकोस."

मी फोन सुलटा ठेवला. समोरचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, सही." मी सही केली.