पेन्सिलीचं टोक

"आडनाव काय तुझं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. पुढं आलेला त्यांचा हात मागं गेला. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि तिच्या बोथट टोकानं माझी खालची पापणी ओढली.

"बघा. आतून पांढरीफटक. अंगात रक्त नाही. ह्या लोकांत असंच असतं."

सगळ्या बाया वाकून माझा डोळा बघत होत्या. डोळ्याला पाणी सुटलं. "हलू नको गं," ते म्हणाले.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दौंडला रेल्वे कॉलनीमागच्या एका हॉलमध्ये गावोगावच्या बायांना आरोग्यसेविकेचं शिक्षण द्यायचे. त्यातला माझा हा पहिलाच दिवस. माझ्याआधी केंदूरच्या पाटलांच्या सूनबाईंचा डोळा तपासून झाला होता. तो अंगठ्यानं, अलगद. वर "माफ करा हं वहिनी" असंही. मग मलाच पेन्सिल का? कुणी विचारलं नाही. वहिनीही खाली बघत राहिल्या.

मी वडगाव रासाईच्या मांगवाड्यातली, सातवी शिकलेली. वडापच्या जीपला लोंबकळत दौंडला यायचे ते हौस म्हणून नाही. माझी जाऊ शेवंता पोटुशी होती. पहिल्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं की सासूनं तिची आशाच सोडली होती. नर्सबाई देवळापाशी बसायची आणि तिथूनच माघारी जायची, आमच्या वस्तीत पाय ठेवत नव्हती. शिक्षण संपलं की प्रत्येकीला औषधांची पेटी मिळणार होती. तीत रक्तवाढीच्या गोळ्या. मला ती पेटी पाहिजे होती.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "पेन्सिलीनं डोळा फुटला का? गप ऱ्हा."

सासू म्हणाली, "दुभत्या गाईच्या लाथा गोड मानाव्या, बाई."

मानल्या. पण चैन पडेना. भाकरी थापताना पापणीवर ते टोक टोचायचं. संताप यायचा आणि काढायचा कुणावर ते कळायचं नाही.

एकदा शेवंताला जवळ बसवलं. "डोळा बघू का गं?"

"बघ की. त्यात काय इचारायचं?"

अंगठ्यानं पापणी खाली घेतली. गरम होती. आत पांढरं. तिनं विश्वासानं मान माझ्या हातात दिली होती. बाईला तपासायचं ते असं, हे मला तिथं कळलं, त्या हॉलमध्ये नाही.

शेवटच्या दिवशी पुण्याहून पाहुणे आले. टेबलावर पेट्या मांडलेल्या. सगळं शिकवलेलं दाखवायचं होतं. डॉक्टरांनी हाक मारली, "ए, पांढऱ्या डोळ्याची, पुढं ये."

गेले. पेन्सिल वर आली. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि टेबलावर ठेवली.

"आधी 'बघू का' म्हणून इचारा, सर. आन् अंगठ्यानं बघा. तवर माझा डोळा बंद."

आणि मी खरंच डोळे मिटून घेतले. कुणीतरी कप खाली ठेवला. मग डॉक्टरांचा आवाज आला, "हिला पेटी देऊ नका. आधी वागायला शिकू दे."

पाहुणे चहा पीत राहिले. बाकीच्या बाया पेट्या घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेवंताला घेऊन दौंडच्या सरकारी दवाखान्यात गेले. गोळ्या हातात पडेपर्यंत रांग सोडली नाही. मग तिला माघारच्या जीपमध्ये बसवलं आणि तडक त्या हॉलवर गेले. माझी पेटी कपाटावर होती.

डॉक्टर म्हणाले, "माफी मागायला आलीस?"

"न्हाई. पेटी न्यायला. पुरं शिकलीया मी. माझ्या वस्तीला कुणी शिवत न्हाई, तिथं ही पेटी लागती."

"आणि नाही दिली तर?"

मी दारातला बाक आत ओढला आणि त्यांच्यासमोर बसले.